नाव विणलं कुणी? सोलापुरातल्या एका कादंबरीच्या प्रचाराचं प्रकरण

नोव्हेंबर २०२४. संध्याकाळची वेळ. मॅडम दुकानात आल्या, पर्स स्टुलावर टाकली, मोबाईल गल्ल्यावर माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाल्या, "बघा, चाळीस हजार लोकांनी बघितलं." मी माझी वही उघडून त्यांच्यापुढं सरकवली. त्या व्हिडिओचं नाव काढून कादंबरी मागायला आलेल्या माणसांच्या मी रेघा ओढत होतो. रेघा नऊ होत्या.

मॅडम म्हणजे कादंबरीकार. शाळेत मराठी शिकवतात, म्हणून निम्मं सोलापूर त्यांना मॅडम म्हणतं, मीही. नाव देत नाही, कारण त्यांची अट होती: लिहायचं तर घडलं तसं लिहा, सत्कार करू नका. मी पुस्तकविक्रेता. नवी पेठेतून चालत आलात तर पाच मिनिटांवर दुकान. त्यांची कादंबरी दिवाळीच्या तोंडावर आली आणि पुढचे आठ-नऊ महिने ती कशी खपली, कशी अडली आणि मग कशी भलत्याच बाजूनं सुटली, हे मी गल्ल्यामागून पाहिलं. एका ठिकाणी मी चुकीचा सल्लाही दिला. तोही पुढं येईल.

आधी पुस्तकाबद्दल. काळ १९७० च्या दशकातला. नक्षी विणणाऱ्या जॅकार्डच्या यंत्रमागावर काम करणारा, तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातला तरुण आणि विड्या वळणारी मुलगी. लग्न जमण्यासारखं नाही. शेवटाकडं तो एका रात्री कारखान्यात एकटाच थांबतो आणि चादरीच्या कोपऱ्यात तिचं नाव विणतो. ती चादर गठ्ठ्यात बांधली जाते, मुंबईला जाते आणि खूप वर्षांनी कुणाच्या तरी अंथरुणातून परत समोर येते. सगळी कादंबरी त्या एका रात्रीवर उभी आहे, हे लक्षात ठेवा.

आता पैशाचं. पहिली आवृत्ती ५०० प्रतींची, किंमत ३५० रुपये, मानधन दहा टक्के. म्हणजे प्रतीमागं ३५ रुपये, तेही हिशेब होईल तेव्हा. लेखिकेनं स्वतः प्रती घेतल्या तर चाळीस टक्के सवलत, म्हणजे हातानं विकलेल्या प्रतीवर १४० रुपये सुटतात. पहिल्या व्हिडिओचा खर्च झाला १२ हजार. हा खर्च मानधनातून भरून काढायचा तर ३४३ प्रती खपायला हव्यात. हातानं विकायचा तर ८६. मॅडमना हे गणित मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा मांडून दाखवलं. त्यांनी ते आधी केलं नव्हतं. आपल्याकडं लेखक हे गणित करत नाहीत आणि प्रकाशक ते लेखकापुढं करत नाहीत.

चाळीस हजारांचा व्हिडिओ

लग्नाचं शूटिंग करणारा ओळखीचा मुलगा होता, त्यानंच केला. काम स्वच्छ. सिद्धेश्वर तलावावर उगवतीचा सूर्य, भुईकोटाचे बुरूज, मॅडम इरकल नेसून पायऱ्या उतरतायत, हातात पुस्तक, पदर हळूहळू उडतोय. मागून भारदस्त आवाज: "एक शहर... एक धागा... एक नाव..." पहिल्यांदा त्यावर जुन्या सिनेमाचं गाणं टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी व्हिडिओचा आवाज गेला, हक्काचा दावा आला, मग तबल्याचा कुठला तरी फुकट तुकडा लावून तो पुन्हा चढवला. गाणं जुनं आहे म्हणून मोकळं असतं, असा पुष्कळांचा समज असतो. आपल्या १९५७ च्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं चालतो आणि कवीचा त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं.

लोकांनी व्हिडिओ बघितला, हे खरंच. खाली आलेले अभिप्राय मी एकदा बसून वाचले. "मिस यू सोलापूर." "तलावाचं पाणी कधी साफ होणार?" "शेंगा चटणी पुण्यात कुठं मिळते?" लोकांनी गाव बघितलं. पुस्तक त्या गावातून चाललेल्या बाईच्या हातात होतं, इतकंच. माझ्या मते त्या व्हिडिओत वाईट काहीच नव्हतं, आणि तीच त्याची अडचण होती. तो कुठल्याही कादंबरीचा चालला असता. साड्यांच्या दुकानाचाही चालला असता.

जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, त्यांनी दुसरा प्रयोग केला. तो लवकर सांगून संपवतो. अक्षता सोहळा आणि नंदीध्वजांचे, म्हणजे यात्रेतल्या धार्मिक विधींचे, दिवस त्यांनी जाणूनबुजून टाळले, हे बरं केलं. नंतरच्या एका संध्याकाळी होम मैदानावर अंगाभोवती चादर गुंडाळून, पाळण्यांच्या मधे उभं राहून कादंबरीतलं एक पान वाचायचं आणि त्याचा रील करायचा, असा बेत होता. पाळण्याचे भोंगे, मौत का कुआँमधल्या मोटारसायकली, भाग्यश्री बटाटेवड्यांच्या आरोळ्या. तिसऱ्या ओळीला एकानं विचारलं, "चादर केवढ्याला?" लोकांनी सेल्फी काढले. पोलीस दादांनी नम्रपणे पुढं सरकायला सांगितलं. मॅडम घरी जाऊन हसल्या, पण घसा पाच दिवस बसला होता. वहीत रेघा तीन.

त्याच काळात आणखी एक घाव बसला. टपाल खात्याची नोंदणीकृत बुक पोस्टची स्वस्त सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. पुण्या-मुंबईची एकेक प्रत पाठवणं परवडेना. व्हिडिओ गावोगाव पोचत होता आणि पुस्तक सोलापुरातच अडकून पडलं होतं.

जेवणाच्या सुट्टीतले तीन प्रश्न

फेब्रुवारीत मॅडमच्या एका विद्यार्थ्यानं सुचवलं की कादंबरी कारखान्यात वाचू. त्याच्या वडिलांची अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ओळख होती. मालकांनी होकार दिला, अट एकच: जेवणाच्या सुट्टीत, अर्धा तास. ते आवाजाच्या दृष्टीनंही सोयीचंच होतं. माग चालू असताना शेजारी ओरडलेलं ऐकू येत नाही, आणि हवेतला कापूस तासाभरात लेन्सवर येऊन बसतो. लग्नवाल्या पोरानं कॅमेरा तिपाईवर लावला, चालू केला आणि स्वतः डबा उघडून बसला. पुढचं सगळं त्यामुळंच टिपलं गेलं. हातात कॅमेरा असता तर त्यानं नेमक्या वेळी जॅकार्डचे कोन घेतले असते.

बारा-चौदा जण होते. मॅडमनी ती रात्र वाचली. वाचतात छान, शाळेची सवय आहे. वाचन संपल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. सगळे एका म्हाताऱ्या मामांकडं बघत होते. मामा साखर पेठेतले, उभा जन्म मागावर गेलेला, आता काम सोडलंय पण दुपारचं येऊन बसतात. त्यांनी पाणी प्यायलं. भांडं खाली ठेवलं. व्हिडिओत ही शांतता बारा सेकंदांची आहे.

"अक्का, नाव त्यानं रात्री टाकलं?"

"हो मामा."

"एकट्यानं?"

"एकट्यानंच. कुणाला कळू नये म्हणून."

"मग कार्डं कुणी पंच केली?"

मागं कुणीतरी हसलं. मॅडमना प्रश्न कळला नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसतं. मग मामांनी उठून त्यांना मागाजवळ नेलं आणि वरच्या पुठ्ठ्यांच्या माळेकडं बोट दाखवलं.

ते जे बोलले ते मी इथं माझ्या शब्दांत देतो, कारण अर्धं मराठी आणि अर्धं तेलुगू होतं. जॅकार्डवर विणकर नक्षी काढत नाही. नक्षी आधी ग्राफच्या कागदावर चौकोन रंगवून काढतात. मग त्या कागदाच्या एकेका आडव्या ओळीसाठी पुठ्ठ्याचं एकेक कार्ड, आणि चौकोनांप्रमाणं त्यावर भोकं. कार्डं दोऱ्यानं एकापुढं एक गुंफली की माळ तयार होते. माळ यंत्रावर फिरते. भोक असेल तिथं सुई आत शिरते आणि तिच्या हुकाला बांधलेले ताण्याचे, म्हणजे उभे, धागे वर उचलले जातात. भोक नसेल तिथले धागे खालीच राहतात. मधून बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा घेऊन धोटा पळतो. एक कार्ड म्हणजे बाण्याचा एक धागा. चादरीच्या काठावर कारखान्याचं नाव विणलेलं असतं ना, तेही असंच येतं. म्हणजे चार बोटं उंचीचं नाव टाकायचं तर ग्राफ काढणारा हवा, कार्डं पंच करणारा हवा, आणि कार्डांचा ढीग हवा. विणकर कितीही तरबेज असला तरी त्याच्या हातात ते नाहीच. वर मामांनी आणखी एक खुंटी मारली: मागाच्या बांधणीवर आहे, पण बहुतेक ते नाव कोपऱ्यात एकदाच येणार नाही, शेजारी शेजारी पुन्हा येईल.

लिआँच्या जॅकार्डनं १८०४ मध्ये हे यंत्र पुढं आणलं, ते मागावर बसून दोऱ्या ओढणाऱ्या पोराचं काम कार्डांवर सोपवण्यासाठी, असं मी नंतर वाचलं. मॅडमनीही लिहिण्याआधी पुष्कळ वाचलं होतं. गिरण्यांचे संप, मजुरीचे दर, पेठांची नावं, सगळं बरोबर होतं. पण मागापाशी त्या उभ्या राहिल्या होत्या त्या पाहुण्यासारख्या, आणि पाहुण्याला मालक चादर दाखवतो, कार्डं दाखवत नाही.

कादंबरीचा कणा मोडला होता, आणि तो मोडताना कॅमेरा चालू होता.

टाकावा की नाही

मॅडमनी तो व्हिडिओ तीन रात्री मोबाईलमध्ये नुसता ठेवला. घरातून विरोध. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "मॅडम, स्वतःच्या दुकानाला स्वतः कुलूप लावू नका." अजून साडेतीनशेच्या वर प्रती शिल्लक होत्या. ज्या पुस्तकाचा शेवट चुकलाय असं लेखिकाच सांगते, ते कोण घेईल? माझ्या धंद्यातल्या पंचवीस वर्षांचा हा निष्कर्ष होता.

चौथ्या दिवशी मालकांचा फोन आला, त्यांची अडचण निराळीच. व्हिडिओत माळ स्वच्छ दिसतेय, ती झाका. "पानिपतवाले बघतील आणि डिझाईन उचलतील." हा धाक खोटा नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन असूनही बाहेरचा माल सोलापुरी म्हणून विकला जातो, हे इथं शेंबड्या पोराला ठाऊक आहे. मग कॅमेरेवाल्या पोरानं तेवढा भाग धूसर केला. मामांना घरी जाऊन त्यांचं रेकॉर्डिंग दाखवलं, त्यांच्या नातीनं वाक्य न् वाक्य समजावून दिलं, आणि त्यांनी परवानगी दिली. "माझं नाव नको, प्रश्न राहू दे," म्हणाले. मामांची ही परवानगी मला मालकांच्या परवानगीपेक्षा मोठी वाटते. रीलसाठी कामगाराचा चेहरा वापरायचा आणि त्याला विचारायचंही नाही, हा प्रकार आता इतका सरसकट झालाय की त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

व्हिडिओ २ मिनिटं ४० सेकंदांचा झाला. संगीत नाही. अक्षरं खाली मोठी, कारण पुष्कळ लोक आवाज बंद ठेवूनच बघतात. सुरुवात मामांच्या प्रश्नापासून, मग मागं जाऊन वाचनाच्या चार ओळी, मग कार्डांचं स्पष्टीकरण, आणि शेवटी सुट्टी संपल्याची घंटा आणि एका वेळी सगळे माग सुरू. त्या खडखडाटात मॅडम काहीतरी बोलतात ते ऐकूच येत नाही. मुद्दाम तसंच ठेवलं. इथं एक योगायोग मदतीला आला. यूट्यूबनं शॉर्ट्सची मर्यादा ऑक्टोबर २०२४ मध्ये एका मिनिटावरून तीन मिनिटांवर नेली होती. आधीच्या मर्यादेत बसवायचं म्हटलं असतं तर मामांची बारा सेकंदांची शांतता सगळ्यात आधी कापली गेली असती. मी आजही म्हणेन की त्या व्हिडिओत बघण्यासारखं काही असेल तर ती शांतता.

मॅडमनी खाली एकच ओळ लिहिली: "माझ्या कादंबरीत चूक आहे. कार्डं कुणी पंच केली असतील?"

बघणारे सहा हजारांच्या आसपासच राहिले. पहिल्याच्या तुलनेत काहीच नाही. पण यावेळी अभिप्रायांत चटणी नव्हती. "माझे आजोबा पंचिंग करायचे, त्यांच्याकडं चोरून असली कामं यायची." "रात्री जॉबर थांबत असेल, त्याला विचारा." "मालकाच्या पोरानं केली, त्याचंही तिच्यावर होतं." भिवंडीहून एकानं तेलुगूत तीन मिनिटांचा आवाज पाठवला. लोक न वाचलेल्या कादंबरीबद्दल भांडत होते, आणि भांडायला पुस्तक लागतं.

आम्ही प्रत्येक व्हिडिओखाली व्हॉट्सअॅपचा वेगळा दुवा ठेवला होता. दाबला की "गाव", "गड्डा" किंवा "कार्ड" असा तयार शब्द संदेशात येई. त्यावरून आणि दुकानात तोंडी विचारून मी रेघा ओढत होतो. एप्रिलअखेर "कार्ड"च्या रेघा शंभराच्या पुढं गेल्या. ही पद्धत पक्की नव्हे, हेही सांगतो. आधी पहिला व्हिडिओ बघून नाव कानावर पडलेलं असतं आणि नंतर दुसऱ्यामुळं पाय दुकानाकडं वळतात, असंही होतं. गिऱ्हाईक शेवटचं आठवेल ते सांगतं. पण नऊ आणि शंभर यांच्यातली दरी एवढ्यानं भरून निघत नाही.

भिवंडीच्या २२ प्रती टपालानं गेल्याच नाहीत. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं कल्याणला निघालेल्या एका नातेवाइकाच्या पिशवीतून गेल्या.

सवाल टाकून उठणं

आता मॅडमनी लोकांपुढं कादंबरी वाचून केलेल्या प्रयोगाबद्दल. हा भाग मला सगळ्यात आवडतो, म्हणून जरा पसरून सांगतो.

मराठी लेखकानं लोकांपुढं उभं राहून आपलं लेखन सांगणं नवं नाही. शंकर पाटील, मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथनाचे दौरे करून गावंच्या गावं हसवली. पण कथा तासाभरात पुरी होते. ऐकणारा तृप्त होऊन घरी जातो, पुस्तक घेतलं तर आठवण म्हणून. कादंबरीचं तसं नाही. ती पुरी सांगता येत नाही आणि तुकडा सांगितला तर तुकड्यासारखाच वाटतो. मॅडमना याचं उत्तर कीर्तनाच्या आणि फडाच्या रिवाजात सापडलं. सोलापूर हे शाहीर रामजोशींचं गाव. त्यांनी तमाशाचा फडही गाजवला आणि कीर्तनही केलं. फडात एक पक्ष सवाल टाकतो आणि दुसऱ्याला जवाब द्यावाच लागतो. नाही दिला तर लोक उठत नाहीत. मॅडमनी ठरवलं की आपण सवाल टाकायचा आणि जवाब न देता उठायचं.

प्रयोग ३५ मिनिटांचा. वेशभूषा नाही. इरकलसुद्धा सोडली, रोजची सुती साडी. सामानात एक जुना लाकडी धोटा, कारखान्यानं टाकून दिलेल्या कार्डांची वावभर माळ आणि लांब वायरचा एक बल्ब. छापलेली रात्र त्या आहे तशी वाचतात. मधे मधे माळ हातातून सोडतात, पुठ्ठ्यावर पुठ्ठा पडल्याचा आवाज येतो. मग पुस्तक मिटून मामांचे तीन प्रश्न विचारतात, मामांच्याच लयीत. आणि समोरच्यांना विचारतात: कुणी? चिठ्ठ्या फिरतात. पाच-सहा चिठ्ठ्या मोठ्यानं वाचल्या जातात. बल्ब बंद. संपलं. पुस्तकं दारात टेबलावर, शेजारी क्यूआर कोड, मी किंवा माझा पुतण्या बसलेला. दाराच्या आत टेबल लावलं तर लोक बिचकतात आणि रस्त्यावर लावलं तर निसटतात. टेबलाला उंबरठ्याइतकी चांगली जागा नाही.

वाचनालयाच्या सभागृहात झाला, जुळे सोलापुरात एका सोसायटीच्या गच्चीवर झाला, एका महाविद्यालयात झाला. तिथं मुलांनी चिठ्ठ्यांवर शिक्षकांची नावं लिहिली, तो दिवस फुकट गेला. तिकीट कुठंच नव्हतं. तिकीट लावून रंगमंचावर नाटक म्हणून करायचं तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं पाठवावी लागते. मॅडमना ते सध्या नको होतं, कारण संहिता दर वेळी बदलत होती.

आणि मग मार्चअखेरीला कुंभारीजवळच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत झाला. दहा हजार घरांची विडी कामगार बायकांची ती वसाहत. चारच्या उन्हात समाजमंदिरात साठेक बायका, निम्म्यांच्या मांडीवर सूप, हात चालूच. वाचन चालू असताना विड्या वळणं थांबलं नाही, म्हणून मला वाटलं की कुणाचं लक्ष नाही. चिठ्ठ्या वाटल्या तर बहुतेकींनी परत दिल्या. लिहायचं काय, बोलतो की, म्हणाल्या.

पुढच्या ओळीतली एक जण, पन्नाशीची असेल, सूप खाली न ठेवता म्हणाली, "तिनंच केली असंल की."

"कुणी?"

"ज्या पोरीचं नाव तिनं. दुसरं कोण करंल?"

मॅडम थांबल्या. ती बाई मग जणू मॅडमना शिकवावं तशी सांगू लागली. पान भिजवायचं, पानावर फर्मा ठेवायचा, कात्री फिरवायची, रोज हजार पानं. ज्या हाताला फर्म्यावर पान कापायची सवय, त्याला पुठ्ठ्याला भोकं पाडायला काय अवघड? ग्राफ त्यानं काढून द्यायचा, कार्डं तिनं घरी बसून पाडायची. विड्यांच्या सुपाखाली पुठ्ठे दडले तर कोण बघतंय? "तुमच्या पुस्तकात ती नुसतीच वाट बघत बसलीय," ती म्हणाली. "विडीवाली बाई कधी मोकळी बसती का, अक्का?"

सभागृहात असा हशा मी मिरासदारांच्या कॅसेटवरच ऐकलाय. त्या दिवशी टेबलावर फक्त सात प्रती गेल्या. साडेतीनशे रुपये म्हणजे त्या बायकांची किती दिवसांची मजुरी, याचा हिशेब मॅडमनी तिथंच केला आणि दहा प्रती वसाहतीच्या वाचनालयाला देऊन टाकल्या. विक्रेता म्हणून मला तो तोटा वाटला. दुसऱ्या दिवशी वाटला नाही.

एक गोष्ट मात्र नोंदवतो. या दिवसाचा व्हिडिओ नाही. कॅमेरेवाल्या पोराला लग्नाची सुपारी होती. मॅडमना त्याची हळहळ वाटते, मला नाही. कॅमेरा असता तर त्या बाईनं पदर सावरला असता.

प्रकाशकाचं म्हणणं

प्रकाशकांना हे सगळं मे महिन्यात कळलं, तेही दुसऱ्याच लेखकाकडून. नाव लिहीत नाही. माणूस वाईट नाही, पण भडकला. त्यांचे आक्षेप तीन. आमच्या पुस्तकाला चुकीचं म्हणता. न विचारता प्रयोग करता. आणि आता दुसऱ्या आवृत्तीत शेवट बदलायचा म्हणता, मग पहिली घेतलेल्यांनी काय करायचं?

दुसरा आक्षेप करार बघून मिटला. दोन पानी करार होता, त्यात छापील पुस्तकाशिवाय कशाचाच उल्लेख नव्हता. जे हक्क लेखी दिले नाहीत ते लेखकाकडंच राहतात. प्रयोगाचे आणि रूपांतराचे हक्कही त्यात आले. शिवाय करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. हे वकिलांनी सांगितल्यावर मॅडमइतकेच प्रकाशकही चकित झाले. लेखकांनो, आपापले करार काढून वाचा, एवढंच म्हणतो.

पहिला आक्षेप विक्रीनं बोथट केला, कारण जूनमध्ये ५०० प्रती संपल्या. त्यातल्या काही ग्रंथालयांनी घेतल्या होत्या, त्यांचा व्हिडिओशी संबंध नाही.

तिसरा आक्षेप मात्र खरा निघाला. माझ्याच दुकानात एक निवृत्त लिपिक आले, पहिली आवृत्ती पिशवीतून काढली आणि म्हणाले, "नवं प्रकरण तेवढं द्या. सगळं पुस्तक परत का घेऊ?" बरोबर होतं त्यांचं. अशी आणखी अकरा माणसं आली. प्रचार करताना आम्ही चूक विकली होती, आणि चूक विकत घेतलेल्या माणसाचा दुरुस्तीवर हक्क असतो की नाही, याचा विचार कुणीच केला नव्हता. मॅडमचं म्हणणं पडलं की नवं प्रकरण आठ पानांची पुस्तिका करून जुन्या प्रतीवाल्यांना फुकट द्यावं. प्रकाशक म्हणाले, छपाई तुमची. मॅडमनी मान्य केलं. मी म्हणालो, पुस्तिका माझ्या दुकानातूनच द्या. फुकट घ्यायला आलेला माणूस दुसरं काहीतरी घेऊन जातो.

याच्यावरून "चूक कबूल करा, पुस्तक खपेल" असा तोडगा कुणी काढू नये. पुण्याचे एक लेखक तसं करणार होते, मी फोनवर त्यांना थांबवलं. त्यांच्या कादंबरीत एक इसवी सन चुकला होता. इसवी सनावरून कोण भांडेल? मॅडमची चूक अशी होती की तिच्यातून एक अख्खं माणूस कादंबरीत शिरायला वाट झाली. शिवाय ती पकडणारी माणसं ज्यांच्यावर कादंबरी होती तीच होती, आणि सोलापूरकराला बाहेरच्याचं ऐकण्यापेक्षा त्याला दुरुस्त करण्यात जास्त गोडी असते. मॅडम इथं तीस वर्षं राहतात, तरी मूळच्या साताऱ्याच्या. त्यामुळं ही गोडी दुप्पट झाली असावी, असा माझा अंदाज.

दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं जुलैत आली. नव्या प्रकरणात मुलगी सुपाखाली पुठ्ठे ठेवून रोज थोडी थोडी भोकं पाडते. मॅडमनी मामांना दुकानात बोलावलं. मामांना मराठी वाचता येत नाही, म्हणून नात बरोबर आली. तिनं आठ पानं वाचली. मामा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी परत पाणी मागितलं, तेव्हा मॅडमनी माझ्याकडं बघितलं.

"अक्का, पोरीनं भोकं पाडली, चांगलं झालं."

"मग?"

"पण त्या माळेवरचं नाव विणून झाल्यावर माळ उतरवली कुणी? सकाळच्या पाळीला मागावर तीच माळ राहिली की."

मॅडमनी पर्समधून पेन्सिल काढली.